जनाची आणि मनाची : अब्रूचे इंग्रजी कसे करावे?

आजच्या विषयाचे निमित्त आमच्याच इमारतीतले आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, सकाळची डोंबिवली लोकल पकडते, म्हणजे तिच्या सहनशक्तीबद्दल वेगळे सांगायला नको. तिच्या गटातली निम्मी माणसे शांघायला बसतात. एका बैठकीत हिने तिथल्या एका सहकाऱ्याची चूक सगळ्यांदेखत दाखवून दिली. चूक खरी होती. पण तो गृहस्थ एकदम गप्प झाला, आणि नंतर हिच्या साहेबाने हिला सांगितले की तुझ्यामुळे त्याचा 'फेस' गेला, दोन ओळी माफीच्या लिही. मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, "सर, 'आय ॲम अशेम्ड' लिहू की 'आय ॲम एम्बॅरस्ड'? आणि मुळात त्याचं गेलं काय?"

प्रश्न दोन मिनिटांचा होता. आम्हाला उत्तर द्यायला आठवडा लागला. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाकडे छोटे प्रश्न घेऊन जाऊ नये, हे तिला आता कळले असावे. पण त्या आठवड्यात जे वाचले, जे आठवले, ते आज तुमच्यापुढे मांडतो. त्यातले काही इतिहासाचे आहे, आणि शेवटी थोडे आमच्या स्वतःच्या हिशेबाचे आहे.

आधी त्या 'फेस'चे पाहू. 'लूज फेस' हा वाक्प्रचार आज इंग्रजी वाटतो, पण तो इंग्रजांच्या घरचा नाही. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये व्यापाराला आणि नोकरीला गेलेल्या इंग्रजांनी तो चिनी भाषेतून शब्दशः उचलला. चिनी माणसाकडे चेहऱ्यासाठी दोन शब्द आहेत. एक 'लिएन', दुसरा 'मिएन-त्झ'. हू शिएन-चिन या चिनी विदुषीने 1944 मध्ये या दोहोंतला फरक एका निबंधात उलगडून दाखवला. मिएन-त्झ म्हणजे पद, पैसा, यश यांनी मिळणारा मान. तो कमीजास्त होतो, उसना घेता येतो, दुसऱ्याला देताही येतो. लिएन म्हणजे माणूस चारित्र्याने सरळ आहे हा समाजाचा विश्वास. तो एकदा गेला की समाजात वावरणेच कठीण.

आता तुम्ही म्हणाल, हे चिन्यांचे झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडे 'तोंड दाखवायला जागा राहिली नाही' म्हणतात, 'तोंडाला काळं फासलं' म्हणतात, 'नाक कापलं' म्हणतात. सगळा कारभार चेहऱ्याचाच. आणि जो शब्द आपण सर्वांत जास्त वापरतो, 'अब्रू', त्याच्या पोटात तर चेहरा लपूनच बसला आहे. हा शब्द फारसी. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी, तेज, ती अब्रू. मोत्याचे पाणी म्हणतो ना आपण, तसे. आणि गंमत बघा, अस्सल मराठी 'पाणउतारा' याच कल्पनेतून आलेला दिसतो. पाणी उतरवले, म्हणजे तेज उतरवले.

ठाणे-कल्याणच्या माणसाला फारसी शब्दांचे नवल वाटू नये. कल्याण हे आदिलशाहीतले महत्त्वाचे ठाणे होते, 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतले. पुढे महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. अनेक शब्द बदलले. पण अब्रू, इज्जत, शरम, बदनामी, फजिती हे शब्द काही हलले नाहीत. दप्तरातले शब्द आज्ञेने बदलता येतात. चारचौघांत मान खाली घालताना जो शब्द तोंडात येतो तो आज्ञा ऐकत नाही.

इंग्रजीकडे वळू. इंग्रजीत या प्रांतातले शब्द पुष्कळ आहेत आणि आपल्या मुलांची गडबड तिथेच होते. 'लाज वाटते' हे एकच क्रियापद आपण चार ठिकाणी वापरतो. नवी नवरी लाजते, भाषणात शब्द अडखळला की लाज वाटते, गरिबीची लाज वाटते, आणि पाप केले तरी लाज वाटते. इंग्रजी या सगळ्यांना वेगवेगळ्या खोल्या देते.

'एम्बॅरस' या शब्दाच्या मुळाशी अडथळा आहे, वाट अडणे आहे. जिन्यात पाय घसरला, लोकांनी पाहिले, तर आपण एम्बॅरस होतो. त्यात पाप नाही. मराठीत यासाठी सुरेख शब्द होते: ओशाळणे, वरमणे, खजील होणे, कानकोंडे होणे. आमच्या आईच्या तोंडी ते सर्रास असत. आज ते गेले आणि सगळीकडे 'एम्बॅरसिंग' आले. 'ह्युमिलिएट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली जमीन आहे, म्हणजे माणसाला जमिनीवर आणणे. यात करणारा दुसरा कोणीतरी असतो. हा आपला पाणउतारा. 'डिसग्रेस' म्हणजे मुळात कृपा जाणे, मर्जी उतरणे. पेशवाईतला माणूस याला 'खप्पामर्जी' म्हणाला असता. आणि 'शेम'? शेम म्हणजे जे आपले आपल्याला आत टोचते ते. इंग्रजी माध्यमातली लहान मुले 'शेम शेम' म्हणून टाळ्या वाजवतात तेव्हा ती बिचारी सर्वांत जड शब्द सर्वांत हलका करून टाकतात.

उरला 'रेप्युटेशन'. हा शब्द लॅटिनमधल्या हिशेब करण्याच्या, गणती करण्याच्या क्रियापदावरून आला. म्हणजे लोकांनी आपल्या नावाची केलेली गोळाबेरीज. आणि 'डिफेम' यात 'फामा' आहे, म्हणजे लोकांतले बोलणे. तेव्हा फारसीला अब्रू चेहऱ्यावर दिसते, लॅटिनला ती लोकांच्या बोलण्यात आणि हिशेबाच्या वहीत दिसते. आपल्याकडे वहीही आहे हो! 'पत' हा शब्द घ्या. पतपेढीतली पत आणि समाजातली पत एकच. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, तो बट्टा सराफाचा. नाणे घासलेले असले की सराफ बदलून देताना काही रक्कम कापून घेई, तो बट्टा.

इथपर्यंत शब्दांचा खेळ झाला. पण 1 जानेवारी 1862 ला या शब्दांना तुरुंगाचे दार लागले. त्या दिवशी भारतीय दंड संहिता अमलात आली. तिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये केला होता, कायदा झाला 1860 मध्ये. तिचे कलम 499 म्हणजे 'डिफेमेशन'. कोर्टाच्या मराठीत यासाठी जो शब्द रुळला तो फार बोलका आहे: अब्रुनुकसानी. जणू अब्रू ही मालमत्ता आहे, आणि तिचे नुकसान मोजता येते.

या कलमातले एक स्पष्टीकरण आम्ही मुद्दाम सांगतो. एखाद्याची अब्रू गेली असे केव्हा म्हणायचे? जेव्हा इतरांच्या नजरेत त्याचे नैतिक किंवा बौद्धिक मोल उतरते, जात किंवा धंद्याच्या संबंधात त्याचा लौकिक उतरतो, त्याची पत कमी होते, किंवा त्याचे शरीर किळसवाण्या अवस्थेत आहे असे लोकांना वाटू लागते. पाहा, चारित्र्य, जात, धंदा, पत, शरीर. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानी अब्रूची जवळजवळ पूर्ण यादीच इंग्रजांनी कायद्यात घातली. आणि सगळीकडे अट एकच: इतरांच्या नजरेत. तुम्हाला आतून काय वाटते याच्याशी या कलमाला कर्तव्य नाही. आज हे कलम भारतीय न्याय संहितेत 356 क्रमांकाने आहे, 1 जुलै 2024 पासून. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा फौजदारी ठेवणे घटनेला धरून आहे असा निर्णय दिला. म्हणजे अब्रू अजून फौजदारीच आहे.

आता या कायद्याच्या कचाट्यात आपली मोठी माणसे कशी सापडली ते पाहू. पहिले प्रकरण 1882 चे, तुम्हाला माहीत आहेच. केसरी आणि मराठा ही पत्रे 1881 च्या जानेवारीत सुरू झाली. केसरीचे संपादक आगरकर, मराठाचे टिळक. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे अशी बातमी होती. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावची काही पत्रे या दोघांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारावर त्यांनी बर्व्यांवर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, पण खटला मागे घेतला गेला नाही. चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते 1882 च्या ऑक्टोबरात सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले.

कायद्याच्या वहीत काय नोंद झाली? बर्व्यांची अब्रू शाबूत, टिळक-आगरकर दोषी. लोकांच्या वहीत? नेमके उलटे. तुरुंगातून आलेली दोन तरुण माणसे आधीपेक्षा मोठी झाली. तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. ज्या कागदांवर त्यांनी विश्वास ठेवला ते खोटे होते, आणि हे कळल्यावर तसे म्हणण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

दुसरे प्रकरण पंधरा वर्षांनंतरचे, आणि आमच्या मते जास्त अवघड. 1897. गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. वय एकतीस. इकडे पुण्यात प्लेग होता, आणि रँडच्या कमिटीचे सोल्जर घराघरांत शिरून तपासणी करत होते. पुण्याहून गोखल्यांना पत्रे गेली. त्यांच्या आधारावर त्यांनी तिथल्या मँचेस्टर गार्डियन या पत्राला सांगितले की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. विलायतेत खळबळ उडाली. सरकारने आरोप नाकारला आणि पुरावा मागितला. त्याआधीच, 22 जूनच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. जुलैअखेर टिळकांना अटक झाली. अशा वातावरणात गोखले मुंबई बंदरात उतरले आणि पुरावा शोधू लागले. पुरावा द्यायला कोणी पुढे आले नाही. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती तर ते स्वतः सुटले असते. ती त्यांनी सांगितली नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी वर्तमानपत्रांतून माफी प्रसिद्ध केली: गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांची, प्लेग कमिटीच्या सभासदांची आणि सोल्जरांचीही. माफीत 'पण' नव्हता, 'जर' नव्हता. इंग्रजीत याला 'अनक्वालिफाइड अपॉलॉजी' म्हणतात. मराठीत बिनशर्त.

मित्रहो, या माफीने त्या माणसाची पुण्यात काय अवस्था केली असेल याची कल्पना करा. टिळक तुरुंगात, आणि हे माफी मागून मोकळे! त्यांना भ्याड म्हटले गेले. हा डाग त्यांना पुढे अनेक वर्षे पुरला. 1899 मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले, 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तरी '1897 ची माफी' हे शब्द विरोधकांच्या हाताशी तयार असत.

आमचे वाचन असे की गोखल्यांचे मिएन-त्झ गेले, लिएन गेले नाही. लोकांतला मान गेला. पण जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे, आणि ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांना उघडे पाडू नये, ही दोन कर्तव्ये त्यांनी अब्रूची किंमत देऊन पाळली. आपल्या भाषेत याला जुना शब्दप्रयोग आहे: जनाची नाही तर मनाची. एरवी तो निर्लज्ज माणसाला सुनावण्यासाठी वापरतात. इथे तो सरळ अर्थाने घ्या. जनाची लाज सोडावी लागली तरी मनाची राखली.

आणि जरा त्या पुराव्याचा विचार करा. पुढे यायचे म्हणजे काय करायचे होते? एखाद्या कुटुंबाने चारचौघांत सांगायचे होते की आमच्या घरातल्या बाईवर अत्याचार झाला. त्या काळात, आणि खरे सांगायचे तर आजही, हे सांगणे म्हणजेच अब्रू जाणे. मराठी वर्तमानपत्रांत कालपरवापर्यंत 'अब्रू लुटली' असे छापले जात असे. या दोन शब्दांत केवढा अन्याय आहे पाहा. गुन्हा केला एकाने आणि अब्रू गेली दुसरीची! कायद्याचीही भाषा फार वेगळी नव्हती. दंड संहितेच्या कलम 354 मधल्या 'मॉडेस्टी'चे मराठीत 'विनयभंग' झाले, जणू भंगली ती तिच्याकडची वस्तू. 1983 मध्ये बलात्कारपीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवावा लागला, तो याचसाठी. गोखल्यांना आलेली पत्रे खरी होती की खोटी, हे त्या वेळी ठरले नाही. पण जिथे अब्रूचा शब्द असा फिरलेला असतो तिथे साक्षीदार मिळत नाही, हे मात्र आजही तितकेच खरे आहे.

तिसरे प्रकरण आपल्या ठाण्याचे. ठाण्याला वर्तमानपत्रांची परंपरा जुनी. अरुणोदय इथे 1866 मध्ये सुरू झाले. पुढे इथूनच हिंदुपंच निघू लागले. लंडनच्या पंचचे नाव घेतलेले, टिंगलटवाळी करणारे, तिखट. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गोखले विलायतेत होते. टिळकांच्या शिक्षेमागे गोखल्यांचा हात आहे अशी कुजबुज सुरू झाली, आणि हिंदुपंचने ती छापली. अकरा वर्षांपूर्वी बिनशर्त माफी मागणारा हा माणूस या वेळी मात्र कोर्टात गेला. अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि जिंकला.

यात विसंगती आहे का? आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी हे विचारलेच असते. आम्हाला विसंगती वाटत नाही. 1897 मध्ये त्यांनी स्वतः जाहीरपणे केलेला आरोप जाहीरपणे मागे घेतला. 1908 नंतर त्यांच्यावर जाहीरपणे झालेला आरोप जाहीरपणे खोडून काढून घेतला. दोन्ही वेळा नियम एकच: जे चारचौघांत मोडले ते चारचौघांतच जोडले पाहिजे. मनाची लाज मनात निस्तरता येते. जनात गेलेली अब्रू बंद खोलीत परत देता येत नाही.

हे सगळे त्या मुलीला सांगता सांगता आम्हाला आमचे स्वतःचे एक प्रकरण आठवले. आठवले म्हणणे खोटे, ते विसरले कधीच नव्हते.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका महाविद्यालयात कॉपीच्या चौकशी समितीवर होतो. एका मुलीच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली होती. ती म्हणत होती, माझी नाही. वर्ष वाया जाऊ नये म्हणून समितीने तोडगा काढला: तिने इंग्रजीत माफीपत्र लिहून द्यावे आणि ते फलकावर लावावे. मसुदा आम्ही केला. त्यात लिहिले की केल्या कृत्याची मला शरम वाटते, 'आय ॲम अशेम्ड ऑफ माय ॲक्ट'. तिने वाचले आणि विचारले, "सर, असं लिहिलं की मी ते केलं असा अर्थ होतो का?" तिचे इंग्रजी बेताचे होते, पण प्रश्न बरोबर होता. आम्ही म्हणालो, "अगं, ही नुसती पद्धत असते लिहायची. सही कर, विषय संपेल." तिने सही केली. कागद आठवडाभर फलकावर राहिला. वर्षअखेर ती महाविद्यालय सोडून गेली.

पुढे केव्हातरी त्या वर्गातला एक मुलगा घरी आला आणि सांगून गेला की चिठ्ठी त्याची होती. आम्ही त्याला चहा दिला. आणि काही केले नाही. समितीची अब्रू, महाविद्यालयाची अब्रू, आणि त्यामागे दडलेली आमची स्वतःची अब्रू, या सगळ्यांचा विचार केला. मनात लाज वाटत राहिली, आणि ती वाटते आहे म्हणजे आपण सज्जन आहोत, असे समाधानही वाटत राहिले. मित्रहो, हे समाधान फार धोक्याचे आहे. लाज ही आमच्याकडे होती, पण नुकसान तिचे झाले होते, आणि ते फलकावर झाले होते.

तिचा पत्ता आमच्याजवळ नाही. तिचे नाव इथे घेणे म्हणजे तिला पुन्हा फलकावर लावणे, म्हणून घेत नाही. आज हे इथे सांगितल्याने तिची भरपाई होते असा आमचा दावा नाही. पण निदान 'तिने कॉपी केली नव्हती, आणि आम्हाला ते कळल्यावरही आम्ही गप्प राहिलो' हे वाक्य चारचौघांत उच्चारले गेले. यात 'पण' नाही.

आता वरच्या मजल्यावरच्या मुलीचे. आम्ही तिला सांगितले, 'अशेम्ड' लिहू नकोस, तू पाप केलेले नाहीस. 'एम्बॅरस्ड'ही नको, तो तुझ्या ओशाळण्याचा शब्द आहे, आणि ओशाळला तो आहे. चूक दाखवली ती बरोबर, पण सगळ्यांदेखत दाखवायला नको होती, एवढेच साध्या इंग्रजीत लिही. आणि त्याला एकट्याला पाठवू नकोस. त्या बैठकीत जे जे होते त्या सगळ्यांना पाठव, आणि त्याच्या कामातले जे चांगले आहे तेही त्यातच लिही.

ती म्हणाली, "सर, मग माझा फेस जाईल ना?"

आम्ही म्हटले, थोडा जाईल. जाऊ दे.

तिने ते पत्र पाठवले. तिकडून काय उत्तर आले ते आम्ही विचारले नाही. ते तिचे आणि त्याचे.